टेबल सॉची बिडाची विंग: एका जोडकामाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या फर्निचरच्या कारखान्यांत टेबल सॉ, म्हणजे पाटातून गोल पाते वर येणारे करवतीचे यंत्र, आता रुळू लागला आहे. आमच्याकडे बहुतेकांनी सुरुवात प्लायच्या पाटाखाली हातकटर उलटा बसवून केली, पुढे रंधा मशीन आले आणि मग स्वतंत्र टेबल सॉ. स्वस्तातल्या यंत्रात मधला पाट बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, परंतु दोन्ही अंगांना पाट रुंद करणाऱ्या जोडपट्ट्या, म्हणजे विंग, पत्रा दाबून केलेल्या असतात. त्यांवर 8 बाय 4 फुटांचा प्लायचा अखंड ताव चढवला की त्या लवतात, ताव गाईडपासून (कापताना ज्याला टेकवून सरकवतात त्या सरळ आडपट्टीपासून) सुटतो आणि काप तिरका जातो. म्हणून मालक बिडाची विंग वेगळी मिळवतो. कधी मोडीत निघालेल्या यंत्राची, कधी दुसऱ्याच बनावटीची, तर कधी नव्याने ओतून घेतलेली. चार बोल्टांचे हे काम दिसते तेवढे सरळ नाही, कारण वेगवेगळ्या ठिकाणी घडलेले दोन लोखंडी पृष्ठभाग येथे एकाच पातळीत आणायचे असतात, आणि ही पातळी साधण्याची विद्या माणसाने फार उशिरा मिळवलेली आहे.

गोल करवतीचा लेखी उल्लेख इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या 1777 च्या पेटंटात सापडतो. त्याच शहरात वॉल्टर टेलर ब्रिटिश नौदलासाठी जहाजांच्या कप्प्या बनवताना गोल करवती वापरत होते. पुढे 1800 नंतरच्या पहिल्या दशकात मार्क ब्रुनेल यांनी पोर्ट्समथच्या गोदीत कप्प्या बनवण्याचा यंत्रकारखाना उभारला आणि त्याची यंत्रे हेन्री मॉडस्ले यांनी घडवली. ही यंत्रे धातूची होती, आणि माझ्या दृष्टीने आपल्या विषयाचा आरंभ तेथेच होतो. लाकडी सांगाड्यावरचे यंत्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि त्याची मापे हलतात. लाकूड कापणाऱ्या यंत्राचे अंग लाकडाचे असू नये, हे तिथे प्रत्यक्षात आले.

पण धातूंमधून बीडच का निवडले गेले, याचे उत्तर त्याच्या पोटात आहे. करड्या बिडात कर्ब ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो आणि हे पापुद्रे मोटारीची थरथर जिरवतात. बीड साच्यात चांगले वाहते, त्यामुळे वर सपाट पाट आणि खाली ताठपणा देणाऱ्या फासळ्या असा आकार एकाच ओतकामात मिळतो. शिवाय ते जड असते. 10 इंच रुंद, 27 इंच लांब आणि 1 सेंटिमीटर जाड एवढी नुसती पाटी धरली तरी तिचे वजन 12 किलोंच्या पुढे जाते. त्याचा दोष मात्र घरातल्या बिडाच्या तव्यावरून सर्वांना माहीत आहे: तो वाकत नाही, तडकतो. दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. ओतलेला जॉब थंड होताना पातळ भाग आधी आणि जाड भाग नंतर गोठतो, त्यामुळे आत ताण अडकून राहतो आणि तो हळूहळू मोकळा होताना पाटाला पीळ पडतो. म्हणूनच जुने कारागीर ओतलेले जॉब महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवून मगच त्यांवर अखेरचा हात फिरवीत.

आता सपाटपणाविषयी. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स यांनी 1817 मध्ये धातू रंधण्याचे यंत्र तयार केले आणि हाताने छिन्नी-कानस चालवून होणारे काम यंत्राकडे आले. तरीही मूळ प्रश्न उरतोच: पहिली सपाट पट्टी कशावरून तपासायची? मॉडस्ले यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1840 मध्ये ग्लासगो येथे याविषयीचा निबंध वाचला. दोन पाट रंग लावून एकमेकांवर घासले आणि टेकणारे उंचवटे खरवडत गेले, तर दोन्ही नीट जुळतात. परंतु त्यांतील एक किंचित खोलगट आणि दुसरा तेवढाच फुगीर असू शकतो. तिसरा पाट घेऊन तिघांनाही आळीपाळीने एकमेकांशी जुळवले, तर तिघेही सपाट झाल्याशिवाय सुटका नसते. कोणतेही आयते माप न घेता सपाटपणा जन्माला घालणारी ही रीत मला सबंध यंत्रविद्येतील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

अमेरिकेत डेल्टा कंपनीचा युनिसॉ 1939 मध्ये बाजारात आला आणि कॅबिनेट सॉचा, म्हणजे बंद पेटीवर बसवलेल्या जड टेबल सॉचा, आजचा घाट रूढ झाला. 10 इंची पात्याच्या अशा यंत्रात आज साधारणपणे 20 इंच रुंद मधला पाट आणि दोन्ही बाजूंना 10 इंचांच्या विंग, अशी एकूण 40 इंचांची रुंदी असते. सगळा पाट एकसंध न ओतण्याचे कारण वजन, वाहतूक आणि पीळ पडण्याची भीती हेच. विंग सुटी झाली म्हटल्यावर खर्च वाचवण्याची पहिली जागाही तीच ठरली. हलक्या यंत्रांना आधी जाळीदार आणि मग पत्र्याच्या विंग लागल्या, आणि चांगली विंग मागाहून विकत घेऊन लावण्याची वाट तेथूनच निघाली. 1980 च्या सुमारास बिल बिझमायर यांचे गाईड लोकप्रिय झाल्यावर ते ज्यांवर सरकते त्या रुळांना भक्कम, सरळ आधार देणाऱ्या विंगची गरज आणखी वाढली.

आपल्या भागात बिडाची ओळख वेगळ्या वाटेने झाली. बलुतेदारीत सुगीला धान्य घेणारा गावचा सुतार बाभळीची तिफण, वखर आणि गाडीची चाके घडवीत असे; त्याचे सारे भांडवल म्हणजे वाकस, करवत, किकरे आणि रंधा. 1900 मध्ये मनमाडहून गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली. जालना, परभणी, नांदेड ही कापसाची ठिकाणे तिने जोडली आणि जिनिंगच्या यंत्रांसोबत बिडाच्या पुल्या व बेअरिंगची घरे येथल्या लोकांनी जवळून पाहिली. 1985 मध्ये संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती लेथ, ग्राइंडर चालवणारी वर्कशॉपे वाढली. आज परभणीचा सुतार विंगचा वरचा पृष्ठभाग संभाजीनगरात ग्राइंड करून आणू शकतो, ही सोय त्या वाढीतून आली.

प्लायचे युगही त्याच सुमारास आले. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर जड माळवदाची घरे मागे पडली आणि तुळया, कड्यांचे काम आटले. डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परवान्याविना चालणाऱ्या सॉ मिलवर टाच आली. सागवानाचे ओंडके चिरणाऱ्या हातांत प्लायचे ताव आले. ओंडक्याला अरुंद पाट पुरत असे, तावाला पुरत नाही.

प्रत्यक्ष जोडताना हा सगळा इतिहास बोटांखाली येतो. मी भंगार बाजारातून आणलेली पहिली विंग चारही बोल्ट आवळून लावली, आणि पहिलाच ताव सांध्यावर अडला. विंगची बाहेरची कड खाली झुकली होती. अशा वेळी सांध्याच्या खालच्या भागात, बोल्टांच्या खाली, थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी सारायची असते. कड वर उचलली गेली असेल तर पट्टी बोल्टांच्या वर जाते. तो पत्रा सुमारे 0.1 मिलिमीटर जाड असतो, पण सांध्याची उंची 40 आणि विंगची रुंदी 250 मिलिमीटर धरली, तर बाहेरची कड 0.6 मिलिमीटरहून अधिक उचलली जाते. त्याआधी सांध्याच्या दोन्ही कडांवरचा रंग आणि बुरा कानशीने काढावा लागतो. भोके जुळली नाहीत, तर विंगचीच भोके मोठी करावीत. बीड कोरडेच ड्रिल होते आणि काळी भुकटी पडते. बोल्टाने ओढून जुळवू पाहिले, तर मधला पाटही त्याच्याबरोबर ताणला जातो. समोरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून, लाकडी हातोडीने हलके ठोकत, सरळपट्टी आडवी धरून एकेक बोल्ट थोडा थोडा आवळत मागे जायचे. शेवटी डोळे मिटून सांध्यावरून बोटाचे टोक फिरवले की पट्टीला न दिसलेली पायरीही लागते.

मृगाच्या आधी पाटावर मेण चोळून ठेवले नाही, तर पहिल्याच सरींनंतर त्यावर तांबूस डाग उठतात. आणि विंग नवी ओतून घेतली असेल, तर ती कच्ची रंधून निदान एक उन्हाळा उघड्यावर राहू द्यावी, आणि ग्राइंडिंगला त्यानंतरच पाठवावी. माझी दुसरी विंग फेब्रुवारीपासून अंगणात निंबाखाली पडून आहे.