‘पहिल्यासारखा राहिला नाही’: डोक्याचा मार आणि मेंदूच्या खंडांची ओळख

डोक्याला मार लागून घरी परतलेल्या माणसाबद्दल घरचे लोक एक वाक्य हमखास बोलतात: ‘वाचला, पण पहिल्यासारखा राहिला नाही.’ हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ आहे, टाकेही निघालेत. मग बदललं काय, ते कुणाला नेमकं सांगता येत नाही. वैद्यकालाही ते सांगायला फार वेळ लागला, आणि तो उशीर कसा झाला हे समजून घेण्यासारखं आहे.

मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत चार-चार मोठे खंड मानतात. कपाळामागचा फ्रंटल, त्याच्या मागे माथ्याकडचा पॅरायटल, कानशिलाच्या आतला टेम्पोरल आणि डोक्याच्या पाठीमागचा ऑक्सिपिटल. ही नावं वरच्या हाडांवरून पडली आहेत, त्यांवरून कामाचा काहीच पत्ता लागत नाही. काम कळलं ते मुख्यतः जखमी आणि आजारी माणसांकडून. इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या, एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्शियन पपायरसवर ४८ रुग्णांच्या नोंदी आहेत. त्यांतल्या २७ डोक्याच्या जखमांच्या आहेत, आणि कानशिलाचं हाड फुटून वाचा गेलेला एक माणूसही त्यांत आहे.

वाचा, दृष्टी, हातापायांची ताकद गेली तर ती लगेच दिसते. म्हणून नकाशाचा तो भाग आधी भरला. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाच्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. हा माणूस समोरच्याचं बोलणं समजून घ्यायचा, पण त्याच्या तोंडून ‘टॅन’ एवढंच निघायचं. बिघाड डाव्या फ्रंटल खंडात सापडला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला: डाव्या टेम्पोरल खंडाच्या मागच्या भागाला इजा झाली की शब्द भराभर येतात, पण अर्थ लागत नाही.

दृष्टीचा नकाशा तर बंदुकीच्या गोळ्यांनी काढला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन रायफलच्या बारीक, वेगवान गोळ्या कवटी आरपार भेदून जात, आणि सैनिक बऱ्याचदा जगत. तात्सुजी इनोउये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे काम होतं, या सैनिकांची दृष्टी किती गेली ते पेन्शनसाठी ठरवण्याचं. त्याने गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा मोजायला खास उपकरण बनवलं, गोळीची वाट आखली आणि समोरच्या दृश्याचा कोणता तुकडा दिसत नाही याच्याशी ती जुळवली. उजव्या ऑक्सिपिटल खंडाला इजा झाली की दोन्ही डोळ्यांना समोरचं डावीकडचं दिसेनासं होतं, हे त्या माणसांवर अगदी बारकाईने मांडता आलं.

स्वभाव मात्र असा मोजता येत नव्हता.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेसाठी खडक फोडणं चाललं होतं. फिनियस गेज हा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठासत असताना ठिणगी पडली. ३ फूट ७ इंच लांबीची, सुमारे ६ किलो वजनाची पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली आणि माथ्यातून बाहेर उडाली. बैलगाडीत बसून तो गावात आला आणि डॉक्टरांना म्हणाला, इथे तुमच्यासाठी भरपूर काम आहे.

डॉ. जॉन हार्लो यांनी त्याला वाचवलं. १८५० मध्ये हार्वर्डच्या हेन्री बिगेलो यांनी त्याला तपासून शरीराने आणि बुद्धीने तो बरा असल्याचं लिहिलं. पण कामावरच्या लोकांचं मत वेगळं होतं. पूर्वीचा शांत, हिशेबी मुकादम आता लहरी झाला होता, शिवीगाळ करायचा, बेत आखून सोडून द्यायचा. त्याला जुनी जागा परत मिळाली नाही. ‘हा आता गेज राहिला नाही,’ असं त्याचे मित्र म्हणत. हार्लो यांनी हे सविस्तर छापलं ते १८६८ मध्ये, गेजच्या मृत्यूनंतर ८ वर्षांनी. त्याची गोष्ट सांगताना एक भाग बऱ्याचदा गाळला जातो, आणि तसं करणं मला अन्यायाचं वाटतं. गेजने पुढे चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. रोजचं ठरलेलं काम मिळाल्यावर तो बराच सावरला असावा, असं अभ्यासक आज मानतात.

पहारीचा अपघात विरळाच, पण इजेची जागा तीच, कपाळामागचा फ्रंटल खंड. पडताना डोकं गर्रकन वळतं आणि मऊ मेंदू आत पिळवटला जातो. १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू करून हे दाखवलं. शिवाय कवटीचा तळ डोळ्यांच्या खोबणींवर ओबडधोबड असतो. त्यामुळे मार मागून बसला तरी फ्रंटल आणि टेम्पोरल खंडांची टोकंच खरचटतात. त्याच ऑक्सफर्डमधले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी १९४१ मध्ये मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटवर निबंध छापला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेट सक्तीचं करणारं कलम १२९ आहे. पण हेल्मेटवर वाद झाला की बोलणं जीव वाचण्यापाशीच थांबतं. वाचलेल्याची नोकरी, संसार, संताप यांची गोष्ट कुणी काढत नाही.

१९७४ मध्ये ग्लासगोचे टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजायची पद्धत दिली. डोळे उघडतो का, काय बोलतो, हात कसा हलवतो, यांवर आज ३ ते १५ गुण देतात. अपघात विभागात तिचा उपयोग मोठा आहे. मात्र ती शुद्ध मोजते, स्वभाव नाही. १५ पैकी १५ गुण मिळवून घरी गेलेला माणूस महिन्याभराने गॅस चालू ठेवून बाहेर पडतो, पोरांवर हात उगारतो, किंवा दिवसभर नुसता बसून राहतो. त्याला स्वतःला हे जाणवतंच असं नाही, कारण आपल्यातला बदल ओळखण्याचं कामही बरंचसं याच पुढच्या भागाचं असतं. म्हणून फेरतपासणीला त्याच्या सोबत घरात राहणाऱ्या कुणीतरी जावं, आणि डॉक्टरांच्या खोलीत तेच वाक्य उदाहरणांसकट सांगावं.