अंदमान आणि लक्षद्वीप: एक झाडाकडून सोयरं, दुसरं दगडाकडून

आमच्या गल्लीतले काका अंदमान फिरून आले. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एकानं विचारलं, "मंग काका, कसं वाटलं लक्षद्वीप?" काका भडकले. "अंदमानले गेलतो बे!" त्यावर पठ्ठ्या म्हणतो, "समुद्रातले बेटंच नं दोन्ही, काय फरक पडते?"

फरक पडते. एक बंगालच्या उपसागरात, दुसरं अरबी समुद्रात, हा तर शाळेतला फरक झाला. खरी गंमत पायाखाली आहे.

अंदमान म्हणजे बुडालेली डोंगररांग. म्यानमारच्या आराकान योमाची ओळ समुद्रात शिरते आणि तिची वर राहिलेली शिखरं म्हणजे ही बेटं. सॅडल पीक ७३२ मीटर उंच आहे. डोंगर आहेत म्हणून ओढे आहेत, कल्पोंगसारखी नदी आहे, खोल माती आहे, आणि किनाऱ्याला खारफुटी. निकोबार धरून क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याहून थोडंच कमी.

लक्षद्वीप सगळं मिळून ३२ चौरस किलोमीटर. नागपूर शहरात सहादा तरी मावेल. ही कंकणद्वीपं आहेत: जुना ज्वालामुखी हळूहळू खचत गेला, त्याच्या कडेनं पोवळी वर वर वाढत राहिली, मधे उथळ खाजण (लगून) उरलं. डार्विननं १८४२ साली मांडलेली ही उपपत्ती पुढं खोल बोअर मारल्यावर खरी ठरली. जमीन समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. टेकडी नाही, नदी नाही. पाऊस नागपूरपेक्षा जास्त पडतो, पण पोवळ्याच्या वाळूतून सरळ खाली मुरतो. गोडं पाणी वजनाला हलकं, म्हणून ते खाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. विहिरीतली पातळी भरती-ओहोटीबरोबर हलते. मोटर लावून भसाभस उपसा केला की विहीर खारी झालीच म्हणून समजा.

अशा जागी कोण तग धरणार? ज्याचं बी समुद्रात तरंगून येऊ शकतं किंवा माणूस होडीतून आणतो, तो. नारळ दोन्ही वाटांनी येतो. त्याची सोडणं म्हणजे जणू अंगावर बांधलेली तरंगपेटीच. सोबत केवडा आणि निरफणस. लक्षद्वीपचा राज्यवृक्ष हा निरफणसच.

अंदमानचा राज्यवृक्ष पडौक, आणि इथं नागपूरकरानं कान टवकारावेत. काकांनी आणलेली पडौकची शेंग मी हातात घेतली: चपटी, गोल, मधे बियांचा फुगवटा आणि भोवती कागदासारखी कड. अशीच शेंग पेंचच्या जंगलात बिजाखाली पडलेली सापडते. बिजा म्हणजे तेच झाड, ज्याच्या लाकडाचे पेले प्रदर्शनांत मधुमेहावर म्हणून विकतात आणि ज्यात रात्रभर ठेवलेलं पाणी निळसर झाक मारतं. दोघं एकाच टेरोकार्पस कुळीचे. (पेल्याचा गुण किती, ते डॉक्टरला विचारा.)

म्हणजे झाडाच्या नात्यानं अंदमान आपलं सोयरं. दगडाचं नातं मात्र लक्षद्वीपशी निघतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी त्याच काळ्या फत्तराची. पुढं भारताचा भूखंड उत्तरेकडं सरकत गेला, ज्यातून तो लाव्हा आला तो जमिनीच्या पोटातला तप्त झरा (हॉटस्पॉट) तसाच ओकत राहिला, आणि सरकत्या भूखंडाच्या मागोमाग समुद्रतळावर जी डोंगरओळ उमटली, तिच्यावर लक्षद्वीप आणि मालदीव बसलेत, असं भूशास्त्रज्ञ मानतात. तो झरा आज मादागास्करजवळच्या रियुनियन बेटाखाली आहे.

लक्षद्वीपला जाऊन हा काळा फत्तर शोधू मात्र नका. त्याच्यावर पोवळ्याच्या चुनखडीचा जाडजूड थर आहे, पायाला लागते ती पांढरी वाळूच. फत्तर पाहायचा तर बर्डीवरच बरा.