कॉम्पॅक्टवरचा चकचकीत थर

डबीत निम्म्याहून जास्त ब्लश शिल्लक असतो आणि तरी एके दिवशी ब्रशला रंग लागेनासा होतो. कितीही घोळवा, गालावर काही उमटत नाही. नीट पाहिलं तर पावडरीच्या मधोमध एक गडद, चकचकीत, कडक थर दिसतो. नखाने खरवडला की खालून पहिल्यासारखी भुसभुशीत पावडर निघते. अशा वेळी बहुतेकांचा निकाल ठरलेला असतो: माल जुना झाला, नाहीतर कंपनीने दर्जा खाली आणला. खरं तर तो थर बहुधा आपल्याच चेहऱ्यावरून आलेला असतो.

ब्रश डबीतून चेहऱ्याकडे काय नेतो, ते आपल्याला दिसतं. परतीच्या फेरीत तो काय आणतो, ते दिसत नाही. त्वचेतल्या तैलग्रंथींमधून झिरपणारं तेल, सकाळी लावलेल्या क्रीमचा अंश, मृत पेशी, घामाचा ओलावा आणि सोबत जिवाणू, असा सगळा ऐवज थोडा थोडा करून डबीत जमा होत असतो. आवडतं उत्पादन ‘बिघडलं’ अशी जी तक्रार असते, तिच्यातला बराच भाग या परतीच्या वाहतुकीने उलगडतो.

दाबून बसवलेल्या पावडरीचा पाया बहुतेक वेळा टाल्क किंवा अभ्रक असतो. टाल्क म्हणजे मॅग्नेशियमचं सिलिकेट. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोह्स मापावर त्याचा क्रमांक 1, म्हणजे सगळ्यात मऊ. त्याचे अतिपातळ थर एकमेकांना इतके सैल धरून असतात की बोट फिरवताच घसरतात. पावडरीचा रेशमी स्पर्श तिथूनच येतो. मात्र नुसत्या टाल्कची वडी टिकत नाही, म्हणून त्यात बांधणीपुरतं तेल मुद्दाम घातलेलं असतं. वडी पर्समध्ये फुटू नये इतकं जास्त आणि ब्रश लागताच कण सुटावेत इतकं कमी, असं ते प्रमाण असतं. सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्यांचं खरं कौशल्य मला या असल्या तोलात दिसतं, जाहिरातीतल्या शब्दांत नाही.

हा तोल आपण बिघडवतो. ब्रशने आणलेलं जादा तेल दोन कणांच्या फटीत शिरतं आणि तिथे द्रवाचा एक सूक्ष्म पूल तयार होतो. पृष्ठताणामुळे हा पूल दोन्ही कणांना आत ओढून धरतो. असे असंख्य पूल झाले आणि वरून ब्रशचा दाब पडत राहिला, की थर चापून बसतो. तो अगदी पातळ असल्यामुळेच चिकटपट्टीचा प्रसिद्ध उपाय लागू पडतो: पट्टी हलकेच दाबायची आणि उचलायची, वरचा थर तिच्यासोबत निघून येतो.

हेच बल डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक लांब केसांचा ब्रश पाण्याच्या ग्लासात बुडवा. पाण्याखाली केस एकमेकांपासून मोकळे राहतात, जवळजवळ कोरडे असतानासारखे. बाहेर काढा, लगेच चिकटून टोक होतं. ब्रश दोन्ही वेळी ओलाच आहे, तेव्हा केस चिकटवायला नुसता ओलेपणा पुरत नाही. पाणी आणि हवा यांच्यातला जो पृष्ठभाग आहे, तो आकसायला पाहतो आणि केसांना जवळ ओढतो. पाण्याखाली केसांमध्ये हा पृष्ठभागच नसतो. बारीक आयलायनर ब्रशने काढलेली रेघ धारदार येते, ती याच ओढीमुळे.

आता तो थर गडद का दिसतो? टाल्क पांढरं दिसतं कारण त्याच्या कणांमध्ये हवा असते. प्रकाश हवेतून कणात आणि कणातून पुन्हा हवेत जाताना दर वेळी थोडा विखुरतो. टाल्कचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचं माप) साधारण 1.58 आणि हवेचा 1, म्हणजे फरक भरपूर. कणांमधली हवा जाऊन तिथे तेल आलं की हा फरक जेमतेम उरतो, कारण तेलाचा अपवर्तनांक 1.45 ते 1.5 च्या आसपास असतो. प्रकाश कमी विखुरतो, आत खोल जातो, रंगद्रव्याकडून जास्त शोषला जातो. ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते तिथेही हेच घडतं.

फाउंडेशनबद्दलची एक लाडकी समजूत इथे तपासून घेता येते. लावताना रंग अगदी जुळला आणि तासाभराने चेहरा काळपट दिसू लागला, तर ‘फाउंडेशन ऑक्सिडाइज झालं’ असं सर्रास म्हटलं जातं. पण त्यातले लाल आणि पिवळे रंग लोहाच्या ऑक्साइडचे असतात आणि त्यांतल्या लोहाचं ऑक्सिडीकरण कारखान्यातच पूर्ण झालेलं असतं. चेहऱ्यावर ते आणखी गंजण्याचा प्रश्न येत नाही. बदलतं ते कणांभोवतीचं द्रव्य. फाउंडेशनमधलं पाणी आणि उडून जाणारी सिलिकोनं काही मिनिटांत निघून जातात, रंगद्रव्य दाट होतं, मग त्वचेचं तेल वर येऊन कणांना भिजवतं. टायटॅनियम डायऑक्साइड हा फाउंडेशनमधला पांढरा रंग मात्र तेलातही आपला पांढरेपणा बराचसा राखतो, कारण त्याचा अपवर्तनांक 2.6 च्या पुढे आहे. झाकण्याचं काम म्हणूनच त्याच्याकडे दिलेलं असतं. तेव्हा फाउंडेशनचा रंग जुळतो की नाही हे लावल्या लावल्या ठरवू नये, अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा.

केसांकडे वळू. बकरी, खार, सायबेरियन वीझल यांच्या केसांचे ब्रश आणि नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कृत्रिम ब्रश, यांतलं चांगलं कोणतं यावर वाद रंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांची जात वेगळी दिसते. प्राण्याच्या केसावर केराटिन या प्रथिनाचे खवले एकमेकांवर अर्धवट चढलेले असतात. त्या खडबडीत पृष्ठभागावर सुकी पावडर छान अडकते आणि हळूहळू सुटते. कृत्रिम तंतू मूळचा गुळगुळीत असतो. शिवाय केराटिन पाणी पितं. माणसाचा केस पाण्यात भिजला की जाडीला साधारण 15 टक्के फुगतो, लांबीला मात्र एक-दोन टक्केच वाढतो. नायलॉन त्या मानाने फारच थोडं पाणी घेतं आणि पॉलिएस्टर जवळजवळ नाहीच. द्रव फाउंडेशन किंवा क्रीम ब्लशसाठी कृत्रिम ब्रश घ्या असं सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

टोकाचं महत्त्व याहून मोठं. प्राण्याचा न कापलेला केस टोकाकडे निमुळता होत जातो. जपानमधल्या हिरोशिमा प्रांतात कुमानो नावाचं गाव सुलेखनाच्या कुंचल्यांसाठी नावाजलेलं आहे. तिथले कारागीर मेकअपचे ब्रशही बनवतात आणि परंपरेने केसांची टोकं कात्रीने छाटत नाहीत. केस आधीच रचून ब्रशला आकार देतात. छाटलेलं टोक बोथट असतं आणि ते गालाला टोचतं. कृत्रिम पॉलिएस्टरची टोकं आता रसायनात झिजवून निमुळती करता येतात. त्यामुळे नैसर्गिक म्हणजे मऊ आणि कृत्रिम म्हणजे राठ हा जुना हिशोब आता फारसा खरा नाही.

आणि एक हिशोब तर ब्रशच्या डबीवर छापायला हवा होता. एखादा तंतू वाकवायला किती जोर लागेल हे त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि लांबीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली तर तंतू 16 पट ताठ होतो, लांबी दुप्पट केली तर ताठपणा आठव्या भागावर येतो. अगदी तोच केस आखूड आणि दाट बांधला की रंग घासून बसवणारा काबुकी ब्रश होतो, आणि लांब, सैल बांधला की आयशॅडोची कड धुरकट करणारा ब्लेंडिंग ब्रश. आयशॅडो डागासारखी एका जागी बसते अशी तक्रार असेल तर दुसरी पॅलेट घेण्याआधी लांब केसांचा ब्रश वापरून पाहा. तो ब्रश टोकाजवळ न धरता दांड्याच्या मागच्या टोकाला धरला तरी हाताचा दाब कमी होतो आणि कड मऊ येते.

परतीच्या वाहतुकीतले सजीव प्रवासी अजून राहिले. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांच्या वापरातली 467 प्रसाधनं तपासली. लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि फाउंडेशन लावायचे स्पंज यांचा तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकारागणिक 79 ते 90 टक्के वस्तूंमध्ये जिवाणू सापडले. स्पंजांची गत सगळ्यात वाईट होती: 93 टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि 64 टक्के वापराच्या काळात जमिनीवर पडलेले होते. या आकड्यांवरून ‘मेकअपमध्ये विष’ छापाचे मथळे येतात, त्यांना मी फार महत्त्व देत नाही. जिवाणू आपल्या त्वचेवर आधीपासून असतात आणि वस्तूवर ते सापडणं म्हणजे माणूस आजारी पडणं नव्हे. त्या अभ्यासात ब्रशही नव्हते. तरी डोळ्याजवळ किंवा कातडी फाटलेल्या जागी, फुटलेल्या मुरमावर, हा माल नेणं धोक्याचं आहेच.

स्पंज सगळ्यात पुढे का, याचं उत्तर पाण्यात आहे. बहुतेक जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. सुक्या पावडरीत ते नसतं, म्हणून तिथे जिवाणू पोचले तरी त्यांची वाढ होत नाही. स्पंज वापरायचाच असतो ओला करून: छिद्रांमध्ये आधी पाणी भरलं की महागडं फाउंडेशन आत मुरत नाही, पृष्ठभागावर राहतं. युक्ती उत्तम आहे, पण वापरानंतर तो स्पंज ओला, तेलकट, मृत पेशींनी भरलेला असा बंद डबीत जातो. जिवाणूंना याहून जास्त काय हवं? तोच ओलावा अर्धवट सुकलेल्या ब्रशमधून पावडरीत गेला की पावडरीचं कोरडेपणाचं कवचही जातं. आयशॅडो ओल्या ब्रशने लावायची असेल तर थोडी पावडर आधी वेगळी काढून घ्यावी.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ब्रश दर सात ते दहा दिवसांनी धुवायला सांगते. नुसत्या पाण्याने उपयोग नाही, कारण तेल पाण्याला दाद देत नाही. साबण किंवा शॅम्पूच्या रेणूचं एक टोक तेलात रुतणारं आणि दुसरं पाण्यात रमणारं असतं. तेलाचा थेंब अशा रेणूंनी वेढला गेला की तो पाण्याबरोबर वाहून जातो. प्राण्याच्या केसांना वडीचा साबण मानवत नाही. तो अल्कधर्मी असतो, त्यात केराटिन जास्त फुगतं, खवले उचकटतात आणि ब्रश राठ होतो. सौम्य शॅम्पू बरा. कृत्रिम ब्रशला हे लाड लागत नाहीत.

अल्कोहोलच्या फवाऱ्यावर अनेकांची भिस्त असते. तो बरेच जिवाणू मारतो, पण तेल आणि रंगाचा थर जागेवरच ठेवतो, म्हणजे डबीवर चकचकीत थर यायचा तो येतोच. शुद्धाच्या जवळ जाणारं अल्कोहोल जास्त प्रभावी असेल असं वाटतं, तेही चूक. 70 टक्क्यांच्या आसपासचं द्रावण चांगलं काम करतं, कारण जिवाणूतली प्रथिनं विस्कटायला थोडं पाणी हवंच असतं आणि शुद्ध अल्कोहोल उडूनही लवकर जातं.

धुण्यापेक्षा वाळवताना ब्रश जास्त खराब होतात. ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला की पाणी धातूच्या पट्टीत उतरतं. तिथे केस गोंदाने बसवलेले असतात आणि त्यांच्यातल्या फटी सगळ्यात अरुंद असतात. फट जितकी अरुंद, तितकं केशाकर्षणाने पाणी आत जास्त ओढलं जातं आणि तितकं ते उशिरा सुकतं. गोंद सुटतो, लाकडी दांडा फुगतो, मग केस गळू लागतात. केस खाली करून टांगणं सर्वांत चांगलं. नाहीतर टेबलावर आडवा, केसांचा भाग कडेबाहेर येईल असा ठेवावा.

मस्काऱ्याची कांडी हाही ब्रशच, फक्त न धुता येणारा. पापण्यांवरून फिरून ती पुन्हा ओल्या नळीत जाते, दर वेळी. नळीतल्या परिरक्षक रसायनाला हा मारा रोज झेलावा लागतो, म्हणून मस्कारा तीन महिन्यांनी बदलायला सांगतात, तर पावडरीच्या डबीवर, उघडल्यानंतर किती काळ वापरावं हे सांगणाऱ्या उघड्या बरणीच्या चिन्हात, 12, 18 किंवा 24 महिन्यांचा आकडा दिसतो. कांडी वरखाली पंपासारखी मारली की आत हवा जाते आणि मस्कारा लवकर सुकतो. मग त्यात पाण्याचे दोन थेंब घालायचा मोह होतो. त्याने परिरक्षक पातळ होतं आणि जिवाणूंना हवं असलेलं मोकळं पाणी मिळतं. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात तर पाणी मिसळतही नाही. त्यातून उडून गेलेलं द्रावक पाणी नव्हतंच, ते आयसोडोडेकेनसारखं हायड्रोकार्बन होतं.