पंक्चरचं सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे

घरी काढलेलं पंक्चर दोन दिवसांत सुटलं की खापर सोल्युशनवर फुटतं. बहुतेक वेळा चूक घाईची असते. सोल्युशन ओलं असतानाच वर पॅच दाबला जातो, कारण आपण त्याला डिंक समजतो. डिंक ओला असताना कागद चिकटवतात, इथे नेमकं उलट करायचं असतं.

जत, कवठेमहांकाळच्या माळावरून सायकल नेली की बाभळीचा काटा केव्हा ना केव्हा लागणारच. हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीने तो अडत नाही, टायरच्या जाडीने आणि पुरेशा हवेने अडतो. आधी व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला, तर आतली रबरी व्हॉल्व्ह-ट्यूब बदलली की काम झालं. नाही आला, तर चमच्याच्या दांड्याने टायरची कड उचला. स्क्रूड्रायव्हर वापरू नका, त्याची धार ट्यूबला दुसरं भोक पाडते. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यातून फिरवा. बुडबुडे दिसतील तिथे पेनाने मोठी फुली मारा. पॅचसाठी पुढे जी जागा घासायची, तिच्या बाहेरही फुलीच्या रेघा उरल्या पाहिजेत, नाहीतर घासल्यावर भोक सापडत नाही.

आता खरी गंमत. रबर म्हणजे हजारो कड्यांच्या लांबलचक रेणूसाखळ्यांचा गुंता. कच्च्या रबरात या साखळ्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते उन्हात चिकट होतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला आढळलं, की गंधक मिसळून तापवलेलं रबर तसं होत नाही. गंधकाचे अणू शेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात आणि गुंत्याचं जाळं होतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. तुमची ट्यूब कारखान्यातच अशी जाळीबंद झालेली असते.

सोल्युशनमध्ये कच्चं रबर द्रावकात विरघळलेलं असतं. द्रावकाने ट्यूबचा पृष्ठभाग किंचित फुगतो, जाळीची भोकं सैलावतात आणि कच्च्या साखळ्यांची टोकं आत शिरतात. मग द्रावक उडून जायला हवं. ते पॅचखाली अडकलं, तर साखळ्या घसरत्याच राहतात आणि जोड कायम मऊ राहतो. किटमधल्या तयार पॅचच्या खालच्या बाजूला कच्च्या रबराचा थर असतो. त्यातलं गंधक आणि सोल्युशनमधलं वेगवर्धक (गंधकाचं काम लवकर घडवणारं रसायन) एकत्र आले की नेहमीच्या तापमानालाही पूल बांधले जाऊ लागतात. ट्रकच्या ट्यूबला दुकानात गरम प्रेस लावतात तेव्हा हेच काम उष्णता करते. जुन्या ट्यूबच्या कापलेल्या तुकड्यात हा थर नसतो, त्यामुळे तो जोड कमजोर राहतो.

बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबराच्या असतात. हवा कोंडून ठेवण्यात ब्युटाइल नैसर्गिक रबराच्या कितीतरी पुढे आहे, पण त्याच्या साखळीत दुहेरी बंध (दोन अणूंमधली दुपदरी जोडणी) फार थोडे, आणि गंधकाला पूल बांधायला तीच जागा लागते. पूल कमी बांधले जातात, म्हणून घासण्यात कसूर करू नका. पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठी जागा चकाकी जाईपर्यंत घासा. ट्यूबवरची साच्याची उंच रेघ भोकाजवळून जात असेल तर ती सपाट करा, नाहीतर तिच्या कडेने हवा वाट काढते. पातळ थर लावून पाचेक मिनिटं थांबा. ओली चमक गेली की बोट न लावता पॅच ठेवा आणि मधून कडेकडे चमच्याच्या पाठीने रगडा. चिकटला का हे बघायला कड उचकटू नका.

ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. मोडलेला काटा आत राहिला असेल तर धागा अडकतो. शेजारीशेजारी दोन भोकं असतील तर काटा शोधू नका. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिमच्या कडांत चिमटली आहे. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकून आऱ्याचं टोक वर आलंय का पाहा. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशीच फाटलं असेल तर पॅच धरत नाही, ट्यूबच बदला.