केसरीवाड्यातला झेंडा आणि ‘पहिला’ हा शब्द

पुण्याच्या केसरीवाड्यात जपून ठेवलेला मादाम कामांचा, परदेशात राहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या क्रांतिकारक बाईंचा, झेंडा २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत फडकला, असे सांगितले जाते. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा ठराव त्या परिषदेत मतदानापर्यंत पोचलाच नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो झेंडा. पुढे एका गुजराती कार्यकर्त्याने इंग्रजांची नजर चुकवून तो इकडे आणला आणि अखेर तो नारायण पेठेतल्या या वाड्यात स्थिरावला. ‘हिंदुस्थानचा पहिला राष्ट्रध्वज’ असे बिरुद त्याला लावले जाते.

कल्पना त्याहून वर्षभर जुनी. वंगभंगाविरुद्धच्या चळवळीत ७ ऑगस्ट १९०६ रोजी कलकत्त्याच्या पारशी बागान चौकात तीन पट्ट्यांचा झेंडा उभारला गेला होता. स्टुटगार्टचा झेंडा हे त्याचेच बदललेले रूप.

खरा गुंता आहे तो ‘पहिला राष्ट्रध्वज’ या बिरुदाचा. कलकत्त्याचा झेंडा आधीचा, मग हा पहिला कसा? परदेशी भूमीवर फडकलेला पहिला म्हणावे, तर ते पटते. पण ‘राष्ट्रध्वज’ म्हणायला त्यामागे राज्य नव्हते, घटना नव्हती. कोणत्या सभेने तो स्वीकारल्याचेही दिसत नाही. माझ्या मते यात त्याचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. मागे काहीही नसताना हद्दपारीतल्या एका बाईने तो जगापुढे धरला.

वर्णनांचेही तसेच. बहुतेक मराठी लेखांत वरच्या हिरव्या पट्टीवर आठ प्रांतांची आठ कमळे, मधे ‘वन्दे मातरम्’, खाली लाल पट्टीवर सूर्य आणि चंद्रकोर असे सांगितले जाते. राष्ट्रध्वजाच्या सरकारी इतिहासात मात्र कामांच्या झेंड्यावर एकच कमळ आणि सप्तर्षींचे सात तारे आहेत, आणि तो पॅरिसला फडकला असे म्हटले आहे. स्टुटगार्टचा मूळ झेंडा म्हणून भावनगरकडेही एक दाखवला जातो. एकाच मंडळींनी एकाहून अधिक झेंडे शिवून घेतले असतील, ही शक्यता मला सर्वांत सरळ वाटते.

मधल्या पट्टीला कोणी पिवळी म्हणते, कोणी भगवी. इथे मागाहूनच्या घडामोडी आड येतात. १९२१ पासून काँग्रेसच्या झेंड्यावर वाद झाले ते रंग कोणत्या धर्माचे यावरून. १९३१ साली केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम ठरला आणि रंगांना धार्मिक अर्थ नाही हे मुद्दाम जाहीर करावे लागले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चरख्याच्या जागी चक्र घेतले. आज आपण १९०७ च्या कापडावर नेमके हेच अर्थ शोधत बसतो. तिथे हिरवा सर्वांत वर आहे आणि सूर्य-चंद्र एकाच पट्टीवर आहेत, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

कामा १९३५ साली मुंबईला परतल्या आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारल्या. केसरीवाड्यात गणपतीच्या दिवसांत गर्दी असते. त्या गर्दीतल्या थोड्यांनी तरी या झेंड्यापाशी थांबावे.