आगीच्या पॉलिसीतला पूर: घरविम्याची पार्श्वभूमी

घरासाठी पुराचा विमा मागायला गेलं, तर भारतात हातात पडते ती आगीच्या विम्याची पॉलिसी किंवा तिचंच घरगुती रूप. पुराचं संरक्षण तिच्या पोटात असतं, आणि बहुतेकांना ते पाणी उंबरठा ओलांडेपर्यंत माहीतही नसतं. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडमध्ये पाणी ओसरलं, तेव्हा बहुतेक घरं विमा कंपनीच्या सर्व्हेअरची नव्हे, तलाठ्याची वाट बघत होती. असं का, याची मुळं बरीच मागे जातात.

सर्वसाधारण विमा आपल्याकडे आला तोच व्यापाऱ्यांसाठी. १८५०मध्ये कोलकात्यात ट्रायटन इन्शुरन्स निघाली, १९०७मध्ये मुंबईत इंडियन मर्कंटाइल, आणि १९१९मध्ये दोराबजी टाटांनी मुंबईतच न्यू इंडिया अॅश्युरन्स सुरू केली. विमा उतरायचा तो जहाजातल्या मालाचा, गिरणीचा, कापसाच्या गोदामाचा. तिथं मुख्य धास्ती आगीची. राहतं घर आणि त्यातला संसार हे गिऱ्हाईक कुणाच्या फारसं डोळ्यासमोर नव्हतं.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं आणि त्यापाठोपाठ खडकवासला. मुठेकाठच्या पेठांमध्ये तेव्हा वाडे होते, आणि वाड्यांमध्ये मालकापेक्षा बिऱ्हाडकरू जास्त. वाडा कोसळला तेव्हा भिंती मालकाच्या गेल्या, पण भांडीकुंडी, अंथरुणं, शिवणयंत्रं, मुलांचे दाखले बिऱ्हाडकरूंचे गेले. हे सरकारनं भरून द्यायचं, असंच सगळ्यांनी धरलं आणि सरकारनंही जबाबदारी घेतली. गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. त्या जागांच्या मालकी हक्काचा प्रश्न मात्र पुढं कित्येक दशकं मंत्रालयात फिरत राहिला. पूर आला की पंचनामा आणि पंचनाम्यावर मदत, हे जे गणित महाराष्ट्राच्या मनात पक्कं बसलं, त्यावर पानशेतचा ठसा मोठा आहे, असं मला वाटतं.

१९७२च्या कायद्यानं सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १ जानेवारी १९७३पासून १०७ विमा कंपन्या नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांमध्ये विलीन झाल्या. आगीच्या विम्याचे दर आणि शब्दरचना टॅरिफ अॅडव्हायझरी कमिटी ठरवायची, त्यामुळं कुठल्याही कंपनीकडे गेलं तरी पॉलिसी तीच. मूळ पॉलिसी आगीची, आणि इतर धोके तिला जोडले जायचे. या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' या एका पॉलिसीत बांधलं गेलं. वादळ, तुफान, पूर आणि जलमय होणं हे चार धोके त्यात एका गटात येतात. विम्याच्या धंद्यात या गटाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसटीएफआय' (स्टॉर्म, टेम्पेस्ट, फ्लड, इनंडेशन) म्हणतात.

इथंच एक पळवाट होती, आणि तिनं पुष्कळांचं नुकसान केलं. हा गट पॉलिसी घेतानाच वगळता यायचा आणि तेवढा हप्ता कमी व्हायचा. पैसे वाचतात म्हणून वगळलेला पूर कागदावर एका ओळीत असतो, आणि ती ओळ वाचली जाते ती क्लेमच्या वेळी. जुनी पॉलिसी घरात असेल, तर आधी ही ओळ शोधावी.

दुसरी अडचण कमी रकमेच्या विम्याची. समजा घर बांधायला २० लाख लागतात आणि हप्ता वाचवायला विमा १० लाखांचाच काढला. पुरात नुकसान झालं २ लाखांचं. १० लाखांच्या आत आहे म्हणजे पूर्ण मिळेल, असं माणूस समजतो. पण पॉलिसीतल्या सरासरीच्या कलमानुसार विमा निम्म्या किमतीचा, म्हणून भरपाईही निम्मी: १ लाख. विमा कंपन्या फसवतात ही समजूत गावोगाव पसरण्यात या कलमाचा वाटा मोठा असावा, कारण ते आधी कुणी समजावून सांगत नाही.

मग गृहकर्जाचा काळ आला. कर्ज देताना बँक घराचा विमा काढायला लावते, त्यामुळं 'आमच्या घराचा विमा आहे' असं म्हणणारी लाखो कुटुंबं तयार झाली. पण बँकेला काळजी तिच्या तारणाची. अशा पॉलिसीत साधारणपणे भिंती, छत, फरशी येते, आतलं सामान येत नाही. आगीत हा फरक कमी जाणवतो, कारण आग दोन्ही नेते. पूर वेगळा वागतो. सिमेंटची इमारत पाण्यात दोन दिवस उभी राहिली तरी सहसा टिकते. फुगतो तो पलंग, कुजते गादी, बंद पडतो फ्रिज, चिखलात जातं वर्षाचं धान्य. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठच्या कुर्ला-कलिना भागात तळमजले बुडाले, तेव्हा हेच दिसलं. इमारती उभ्या होत्या, संसार गेले होते.

पूर आगीच्या पॉलिसीत न ठेवता अमेरिकेनं उलटा रस्ता धरला. १९२७च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर तिथल्या खासगी कंपन्यांनी पुराचा विमा द्यायचं बंद केलं. १९६५मध्ये बेट्सी चक्रीवादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवल्यावर १९६८मध्ये कायदा करून सरकारनंच राष्ट्रीय पूर विमा योजना आणली. १९७३पासून नकाशावरच्या धोक्याच्या पट्ट्यात कर्ज काढून घर घेणाऱ्याला हा विमा सक्तीचा झाला. घराच्या इमारतीला अडीच लाख डॉलरपर्यंत, सामानाला एक लाख डॉलरपर्यंत, आणि भाडेकरूला स्वतःच्या सामानापुरती वेगळी पॉलिसी. भाडेकरूचा विचार तिथं स्पष्ट झालेला दिसतो. योजनेचा आर्थिक डोलारा मात्र २००५च्या कतरिना वादळानं कोलमडला आणि २०१७मध्ये तिथल्या काँग्रेसला तिचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. न्यू जर्सी किंवा ह्यूस्टनला राहणाऱ्या आपल्या माणसांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या घराच्या नेहमीच्या विम्यात पूर नसतो, आणि सरकारी योजनेतली पॉलिसी सहसा काढल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी आल्यावर धावून उपयोग नाही.

आपल्याकडे १ जानेवारी २००७ला टॅरिफ कमिटीनं बांधून दिलेले दर रद्द झाले, कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली. घरविमा तरी फारसा पसरला नाही. मग २०१९ आलं. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबाला १०,००० आणि शहरात १५,००० रुपये दिले. मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असण्याची अट आदेशात आली आणि तिच्यावरून संताप उसळला, तो रास्तच होता. २०२१मध्ये वाशिष्ठी नदीनं चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तेव्हा मदत कुटुंबाला १०,००० आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख अशी होती. ही मदत लागतेच, पहिल्या आठवड्यात तीच लागते. पण ती घर पुन्हा लावायला पुरत नाही, आणि दीड लाख मिळतात ते ज्याचं घर पडलं त्याला. आत भाड्यानं राहणाऱ्याला नव्हे.

त्याच वर्षी, १ एप्रिल २०२१पासून, विमा नियामक आयआरडीएआयनं 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी कंपन्यांना बंधनकारक केली होती. पूर्वीच्या बहुतेक तक्रारींची उत्तरं तिच्यात आहेत. पूर, वादळ, भूकंप, दरड मुळातच धरलेले. सरासरीचं कलम लागू होत नाही. घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतला, तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, सामान आपोआप धरलं जातं, वस्तूंची यादी न देता. इमारतीची रक्कम निघते ती चटई क्षेत्र आणि बांधकामाचा दर यांच्या गुणाकारातून. जागेची बाजारभावाची किंमत त्यात येत नाही. पूर आल्यावर सात दिवसांच्या आत घरातून चोरी झाली तर तीही धरली जाते. घर सोडून वरच्या भागात नातेवाइकांकडे गेलेल्यांना याचं मोल कळेल. घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या काळाचं भाडंही मिळू शकतं. सोनंनाणं आणि मौल्यवान वस्तूंसाठी मात्र वेगळं कलम घ्यावं लागतं.

आणि भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो. हे दार उघडं आहे, पण ते दाखवणारं कुणी नाही. कर्ज नाही म्हणून बँक विचारत नाही. हप्ता लहान म्हणून एजंटलाही त्यात फारसं मिळत नाही. पानशेतच्या बिऱ्हाडकरूंची मुलं-नातवंडं आज पुण्यात कुठं भाड्यानं राहत असतील, तर त्यांच्या सामानाला विमा मिळू शकतो हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

एक गट तरीही अधांतरी राहतो: ज्यांचं घर आणि धंदा एकाच छताखाली आहे. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत २०१९ला पाणी शिरलं ते गणपती तोंडावर आलेले असताना. मूर्ती घरातच रचलेल्या. गृह रक्षा पॉलिसी राहत्या घराची. विक्रीच्या मूर्ती त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच वेळी आलेली 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, म्हणजे एका घराला दोन पॉलिसी.

महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, पंचवीस वर्षांतून आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या अंदाजानं. त्या बांधकाम परवानगीसाठी वापरल्या जातात. विम्याचा हप्ता त्यांच्याशी जोडला, तर ज्यांना गरज सर्वांत जास्त त्यांनाच तो परवडणार नाही. ब्रिटननं २०१६मध्ये 'फ्लड री' योजनेत यावर तोडगा काढला: सगळ्या घरविमा कंपन्यांकडून वर्गणी घ्यायची आणि पूरप्रवण घरांचा हप्ता आटोक्यात ठेवायचा. पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं त्यातून वगळली, म्हणजे नदीत नवी घरं बांधायला उत्तेजन नको. मला हा नियम आपल्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. भारतात नागालँडनं २०२४मध्ये राज्यासाठीच आपत्ती विमा घेतला, ज्यात पाऊस ठरावीक मापाच्या वर गेला की पंचनाम्याविना भरपाई मिळते. ते पैसे राज्य सरकारला मिळतात. घरातल्या सामानाची पॉलिसी तिथंही ज्याची त्यालाच काढावी लागते.