मुतखडा फुटताना दुखलं, तर तसं सांगा

‘चिरफाड नाही, तासाभरात मोकळे’ एवढं ऐकून माणूस लिथोट्रिप्सीच्या, म्हणजे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून मुतखडा फोडण्याच्या, टेबलावर आडवा होतो. कमरेला गार जेल, त्यावर पाण्याने भरलेली उशी टेकते आणि मशीन सुरू होतं : टक्, टक्, टक्. प्रत्येक टक् सरशी ताणलेलं रबर कातडीवर सोडल्यासारखा चटका बसतो. एका बैठकीत असे दोन-तीन हजार. मुठी आपोआप आवळल्या जातात.

या दुखण्याची दोन ठिकाणं आहेत. आघातलहर आत शिरते तिथे कातडीतले मज्जातंतू चेतवले जातात, तो चटका. मूत्रपिंडाच्या आवरणातून आणि जवळच्या बरगडीतून येते ती खोल, मुरलेली कळ. जर्मनीत म्युनिकमध्ये 7 फेब्रुवारी 1980 रोजी डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णाचा खडा असा फोडला. विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीचं ते यंत्र होतं. तेव्हा रुग्णाला भूल देऊन पाण्याच्या टबात ठेवत. पुढच्या यंत्रांमध्ये लहर कातडीच्या मोठ्या भागावर पसरून आत जाऊ लागली, चटका सौम्य झाला, आणि बऱ्याच जणांचं वेदनाशामकावर भागू लागलं. पण अनेक नव्या यंत्रांत लहरी एकवटण्याची जागाही लहान झाली, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

मूत्रपिंड श्वासागणिक वर-खाली सरकतं. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, दुखलं की अंग चोरतो. खडा नेमातून निसटतो, लहरी वाया जातात. शिवाय धास्तीने तीच कळ जास्त जाणवते. म्हणून ‘थोडं सोसा’ हा सल्ला मला पटत नाही. वेदना शमवणं हा खडा फोडण्याचाच भाग आहे.

उपाय साधे आहेत. वेदनाशामक आधीच द्यावं. जोर हळूहळू वाढवावा, त्याने अंगाला सवय होते आणि मूत्रपिंडाला इजाही कमी होते. मिनिटाला 120 ऐवजी 60 ते 90 ठोके दिले तर खडा उलट चांगला फुटतो. कानाला हेडफोन लावून आवडीची गाणी ऐकणाऱ्यांना दुखणं आणि धास्ती दोन्ही कमी जाणवल्याचं अनेक चाचण्यांत दिसलंय. टक् टक् आवाजही त्यात बुडतो. आणि मशीन मध्येच थांबवता येतं, हे रुग्णाला आधी सांगितलेलं असावं.

नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, कण बाहेर पडताना कळाही येतात. त्याने घाबरू नका. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.